पन्हळीखालचा हंडा

शिमला, ता. ६ जानेवारी १९३४

तीर्थरूप मानसिंगदादा यांस,
सोनाचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तू तिकडे सोलापुरात गिरणीच्या वीजखात्यात घाम पुसत असशील, आणि इकडे तुझी बहीण दोन घोंगड्या पांघरून लिहायला बसली आहे. दौत चुलीशी धरल्याशिवाय शाई उतरत नाही.

यांचे साहेब हिवाळ्यापुरते दिल्लीला गेलेत. त्यांचा पियानो आणि पुस्तकं सादळू नयेत म्हणून बंगल्यात शेकोट्या पेटत्या ठेवायच्या असतात. त्या उबेनं पत्र्यावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेच्या पन्हळीपाशी येतं आणि तिथं गारठून पुन्हा दगड होतं. मागचं पाणी बांध घातल्यासारखं तुंबतं नि छतातून आत गळतं. यावर तुझ्या मेहुण्यांनी युक्ती काढली. पन्हळीत नागमोडी तार पसरून ते तीत वीज सोडतात. तार तापते, बर्फ सुटतो, पाणी वाहतं राहतं. साहेबांनी पत्र पाठवून शाबासकी दिली, तेव्हापासून स्वारी मिशीला पीळ देऊन हिंडते.

इथले नळ गोठलेत. पन्हळीतून कोमट पाणी असंच वाहून जाताना मला बघवेना. आपल्या माळवदाच्या पन्हळीखाली लावायचो तसा हंडा लावला. माझं पाहून खानसाम्याची रामदेई आणि चाकरांच्या चाळीतल्या बाकीच्या बायकाही येतात. आता मी पाणी वाटणारी बाई झाले आहे.

आईला दंडवत. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी सोना

सोलापूर, ता. १३ जानेवारी १९३४

चि. सौ. सोनाबाई हिस,
मानसिंगचे अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, डोंगरभर पाणी पडलंय तर ही पोरगी हंडा कशाला लावते? मी म्हटलं, सोलापूरची आहे म्हणून. तिळगूळ वेगळा पाठवला आहे. जोतीरामरावांना थोडा जास्त दे, म्हणजे गोड बोलतील.

एक त्यांना जरूर विचार. तारेवर शिशाचं वेष्टण धड आहे ना, आणि पन्हळीपासून जमिनीत तार पुरली आहे ना? ओलीत वीज म्हटलं की गिरणीत आम्ही आधी तेवढंच बघतो. हसले तर हसू दे. पण विचार.

तब्येतीस जप. तुझ्या पत्राची वाट बघतो.

मानसिंग

शिमला, ता. २० जानेवारी १९३४

ती. दादास,
सोनाचे शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तुझं विचारणं सांगितलं, तर हे हसलेच. म्हणाले, दादाला कळव, इथली जमीन पहारीलाही दाद देत नाही. तार पुरायची ती बर्फ गेल्यावर पुरू. वेष्टणाला एके ठिकाणी चीर गेली आहे, तिच्यावर त्यांनी फडकं आणि डांबर बांधलंय.

थंडी वाढली आहे. परवा पन्हळीवर बसलेलं माकड धपकन खाली पडलं ते उठलंच नाही. गारठ्यानं मेलं, असं चौकीदार म्हणाला. आम्हा बायकांचीही बोटं बधिरतात. हंडा पन्हळीच्या तोंडाला टेकला की कोपरापर्यंत मुंग्या चढतात, रामदेईलाही चढतात. यांना सांगितलं नाही, पुन्हा हसायला निमित्त नको.

माया आहे तशीच ठेव.

तुझी सोना

सोलापूर, ता. २६ जानेवारी १९३४

चि. सौ. सोना हिस आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी हातात पडलं आणि मी तसाच तारघरात धावलो. तार केली आहे, हे पत्र तिच्यामागून येईल. त्या मुंग्या थंडीच्या नव्हेत, विजेच्या आहेत. माकडही विजेनंच मेलं. आज मुंग्या येतात, उद्या चीर वाढली की सोडणार नाही. पन्हळीला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस, आणि जोतीरामरावांना आधी वीज तोडायला सांग. माझ्यावर रागावले तरी चालेल. मला फार भीती वाटते, सोना. उलट तार कर.

मानसिंग

शिमला, ता. ३ फेब्रुवारी १९३४

ती. दादास,
सोनाचा नमस्कार.

खानसाम्यानं केलेली तार तुला पोचलीच असेल. तारेत काय मावतं, म्हणून लिहिते.

तुझी तार आली तेव्हा हे पन्हळीसाठी नवी तार आणायला बाजारात उतरले होते. तुझी तार इंग्रजीत, ती तारवाल्यानं मला वाचून दाखवली. विजेच्या खोलीची किल्ली यांच्या खिशात होती. चौकीदाराला म्हटलं, कुलूप फोड. तो म्हणाला, साहेबांचं कुलूप फोडून नोकरी कोण घालवील? मग त्याला यांना शोधायला पिटाळलं आणि मी पन्हळीसमोर बर्फात बसले. बायका घागरी घेऊन आल्या. मी सांगत होते आणि त्या हसत होत्या, की रोजच तर भरतो. रामदेई पुढं झाली तेव्हा मी तिला ढकललं. ती मला नाही नाही ते बोलली, पाण्यासाठी जीव सोडणारी कंजूष म्हणाली. तरी कुणाला हात लावू दिला नाही, दादा. एकीलाही नाही.

हे वरच्या वाटेनं आले, चौकीदार खालच्या वाटेला राहिला. मी बर्फात बसलेली आणि भोवती बायकांचा कालवा, हे बघून मलाच काही झालं असं त्यांना वाटलं असणार. ते धावत सुटले. मी ओरडले की जवळ येऊ नका, तशी ते आणखीच धावले. माझ्यापाशी येताना पाय घसरला आणि सावरायला त्यांनी पन्हळ धरली.

मग तेच कुलूप मागून आलेल्या चौकीदारानं दगडानं फोडलं.

रामदेई माझ्याजवळ निजते. छत पुन्हा गळू लागलं आहे, पियानोवर पाणी पडतं. कुणी पुसत नाही. तुझी तार यांनी वाचलीच नाही. ती माझ्या कमरेला खोचलेली होती.

मला न्यायला ये. लोभ कर असं आता काय लिहू, मला तुझ्याच दारी यायचं आहे.

सोना