मिठाच्या किल्ल्याचा तिसरा भाग

अंथुर्णे,
रविवार, दुपार

प्रिय निकिता,

मिठाच्या किल्ल्याचा तिसरा भाग अखेर वाचून संपवला. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या गावात दुसरं कुणाला सांगू? अब्बांना सांगायला गेले तर ते विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत तार भरता भरता "हं, हं" करतील, आणि अम्मीसमोर त्या पुस्तकाचं नावही काढता येत नाही. तुझा जुना नंबर लागत नाही. वसतिगृहाचं नाव मात्र माझ्या ध्यानात राहिलंय, तुझा अर्ज आपण दोघींनीच बसून भरला होता ना. म्हणून पत्र. मी तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं.

तर शेवट मला अजिबात पटला नाही. दोन जाडजूड भाग ती मुलगी किल्ल्याच्या भिंतीत अडकलेल्या माणसांना सोडवायला वणवण करते, वाटेत तिचा धाकटा भाऊ मरतो, आणि आता तिसऱ्या भागात समुद्र आत घुसतो, मीठ विरघळतं आणि भाऊ भिंतीतून चालत बाहेर येतो. अंगावर ओरखडा नाही. वर म्हणतो, भूक लागलीय. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ त्या लेखिकेला शिव्या घालत बसले. परतच आणायचा होता तर दुसऱ्या भागात आपल्या तिघींना एवढं रडवलं कशाला? सिमरनला मात्र हा शेवट आवडला असता. ती अंथरुणावर उभी राहून ओरडली असती, "बघ आपा, म्हणलं न्हवतं का मी? त्यो मेलेलाच न्हाय!"

आपले शनिवार तुला आठवतात का गं? कॉलेज सुटलं की बारामतीहून तू तुझ्या गाडीवरून मला घेऊन यायचीस, आणि अब्बांच्या दुकानामागच्या खोलीत जळक्या मोटारींच्या मध्ये आपण बसायचो. वार्निशच्या वासानं तुझं डोकं दुखायचं, तरी उठायची नाहीस. इंग्रजी पुस्तक असलं की मांडीवर डिक्शनरी. सिमरन अकरावीतली, पण मतं ठोकायला आपल्या दोघींच्या पुढे. ती आधी शेवटचं पान वाचायची आणि मग आपल्याला छळायची. या पुस्तकाचं तसं करणार नाही, अशी तिनं स्वतःहून शपथ घेतली होती, एवढा तिचा जीव त्याच्यात होता. फँटसीत माणसं कितीही मारा, तिची हरकत नसायची. घोडा मेला की पुस्तक भिंतीवर. "माणसानं लढाई मागितली हुती, घोड्यानं कुठं मागितली?" आणि तो तिचा नेहमीचा आक्षेप, ज्यावर तू हसून हसून आडवी झाली होतीस: एवढ्या पोरी घोड्यावरून महिनोन्‌महिने जंगलं तुडवतात, "पण पाळी येकीला बी येत न्हाय! हितं आपल्याला यस्टीनं बारामतीला जायचं तर धाकधूक." मी म्हणायचे, म्हणूनच मला असली पुस्तकं नकोत. सतरा वर्षांची पोर, तिला आपण सुंदर आहोत हे माहीत नाही, आणि साऱ्या राज्याला माहीत. बाप एकतर राजा नाहीतर गद्दार. मोटारी भरणारा बाप एकाही पुस्तकात नाही.

मला आजच्या, खऱ्या जगातल्या कादंबऱ्या आवडायच्या. शाळा, घर, मैत्रिणी, आजारपण, घटस्फोट. त्यातही दुःखाच्या जास्त. बहीण जाते, मग उरलेली वर्षभर कुणाशी बोलत नाही, मग वर्गात एक नवा मुलगा येतो, आणि शेवटी ती समुद्राकडे बघून पहिल्यांदा हसते. असल्या पुस्तकांना मी आपल्या पुस्तकांच्या इन्स्टा पेजवर पाच तारे द्यायचे आणि लिहायचे, "दुःखाचं अतिशय प्रामाणिक चित्रण." निकिता, मला दुःखाचं काय कळत होतं?

जानेवारीनंतर मी त्यातलं एक पुन्हा काढलं. वाटलं, उपयोग होईल. चाळीसेक पानांच्या पुढे जाता आलं नाही. त्यातली मुलगी बहिणीच्या खोलीचं दार उघडत नाही, खोली जशीच्या तशी ठेवते. आपल्याकडे खोली कुणाला असते? सिमरन माझ्या शेजारी झोपायची. आता अम्मी रोज सकाळी एकच गोधडी घडी करते आणि दुसरीकडे न बघता उठते. त्या पुस्तकांत पंचनामा नसतो. शवविच्छेदनासाठी बाहेर फरशीवर बसून राहणं नसतं. पोरगी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली होती का, तिच्या हातात मोबाईल होता का, असं कुणी विचारत नाही. मातीला आलेली माणसं परत जाताना दारात उभी राहून "पोरींना गाडी कशाला द्यायची" असं बोलत नाहीत. माणूस मेलं की त्या पुस्तकांत फक्त आठवणी उरतात. आमच्याकडे कागद उरले, आणि लोकांची तोंडं.

पुस्तक घरी कसं आलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुझी गाडी पोलिसांनी सोडली तेव्हा ते डिकीत तसंच होतं, पुस्तकाच्या दुकानाच्या कागदी पिशवीत. तुझी आई आली होती. अब्बांच्या दुकानाच्या पायरीशी थांबली, पिशवी गल्ल्यावर ठेवली, म्हणाली, "हे तुमचं हाय, राजूभाई," आणि वळली. अब्बांनी "ताई, च्या तरी" म्हटलं, तोवर ती रस्त्यापलीकडे पोचली होती. आजवर ती कधी चहा घेतल्याशिवाय गेली नव्हती. अब्बांनी पिशवी उघडली नाही, माझ्याकडे दिली. ती मी कपाटात वर टाकून दिली आणि आत्ता, जून सरता सरता काढली. एकही पान दुमडलेलं नव्हतं. पुस्तकाच्या दुकानापासून अपघाताच्या जागेपर्यंतच्या वाटेत तिनं ते उघडलंही नसणार. खरंच शपथ पाळली होती तिनं.

त्या दिवशी मला ताप नसता तर तुझ्या मागे मी बसले असते आणि ती घरी राहिली असती. हे मी रोज मनात म्हणते आणि रोज त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. तू गाडी जपून चालवतेस. कधी चाळीसच्या वर नेली नाहीस, त्यावरून मीच तुला चिडवायचे. हे मी पोलिसांनाही सांगितलं. तुझ्यावर माझा राग त्याबद्दल कधीच नव्हता, हे तुला कळावं.

आपलं एक भांडण राहून गेलंय बघ. फँटसीतला खलनायक मला पोरकट वाटायचा. काळा किल्ला, काळे कपडे, दुष्टपणा करायचा म्हणून करतो. मी म्हणायचे, खऱ्या जगात असं कुणी नसतं, जो तो आपल्या जागी बरोबर असतो, चांगली कादंबरी तेच दाखवते. सिमरन म्हणायची, "मग आपा, मार कुणाला बसायचा?" आपण हसायचो. आता बघ. लासुर्ण्याच्या अलीकडे टायर फुटलेली उसाची ट्रॉली अर्धी डांबरावर सोडून ट्रॅक्टरवाला निघून गेला. तो बिचारा टायर आणायला गेला होता. ट्रॉली तुझ्या मोहनमामांची. ते काही काळ्या किल्ल्यात राहत नाहीत. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला यायचे, त्यांच्या विहिरीवरची मोटार अब्बांनीच भरलेली. त्यांना तोडणी वेळेत उरकायची होती, त्यानंतर लगेच पोरीचं लग्न होतं. तुझे बाबा गेल्यावर तुला शिकवलं त्यांनी. तुझी आई त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही, आणि तू आईच्या. मला सगळ्यांचं कळतं, निकिता. एकेकाच्या जागी उभं राहून बघितलं की प्रत्येक जण बरोबर दिसतो. आणि असं सगळं कळून माझी बहीण कबरस्तानात आहे. ज्या पुस्तकांना मी पाच तारे दिले, ती इथवर येऊन थांबतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. त्या संध्याकाळी दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू पडद्याआड खाटेवर होतीस, गळ्यापासून खांद्यापर्यंत पट्ट्या. सिमरनचं तुला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "झोया, दिसलीच न्हाय गं. दिवा न्हाय, लाल पट्टी न्हाय, मागं दगुड सुदिक ठिवला न्हवता. येकदम ऊसच आला तोंडावर." मग विचारलंस, "सिमी कुठं हाय?" मी उत्तर द्यायच्या आत मोहनमामा आले, त्यांनी मला खांद्याला धरून हळूच बाहेर केलं आणि पडदा ओढला. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा त्या जागेवर गेले, तेव्हा ट्रॉलीच्या गंजक्या फळीवर लाल पट्टी चकाकत होती. अब्बा घरी येऊन एवढंच म्हणाले, "रातीत चिकटवलीया," आणि जेवले नाहीत.

तुझा जबाब हवालदारांनी अब्बांना आणि मला मे महिन्यात वाचून दाखवला. ट्रॉलीला मागे लाल पट्ट्या होत्या आणि दिवा लागलेला होता, असं त्यात आहे. मागे बसलेली मुलगी चेष्टेत खांदे ओढत होती, त्यामुळे तोल गेला, असंही आहे. खाली तुझी सही. पहिलं वाक्य तुझ्या तोंडात कुणी घातलं ते मला कळतं. दुसरं मात्र मी किती वेळा वाचून घेतलं. दिव्याचं खोटं बोलून भागत नव्हतं का? तिचं नाव कशाला घ्यायचं? गावात आता तेच झालंय. शेजारची कुशाबाई अम्मीचं सांत्वन करायला येते आणि म्हणते, "लेकरू चपळच हुतं जरा." अम्मीला पहिल्यांदा राग यायचा. आता येत नाही. परवा भाकरी थापता थापता मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "मीच तिला येका जागी बसाय शिकवलं न्हाय." तव्यावरची भाकरी करपली, तरी ती तशीच बघत राहिली.

म्हणून सोमवारी मी अब्बांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि पुरवणी जबाब दिला. तू दवाखान्यात जे बोललीस ते शब्दाला शब्द सांगितलं, तुझ्या नावासकट. लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मैत्रीण हाय न्हवं ती तुझी?" मी म्हटलं, "हाय." "मग तिचं वाटोळं व्हईल, असं न्हाय वाटत?" मी म्हटलं, "वाटतं. लिहा तुमी." अब्बा खाली बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोहनरावांच्या घरून आता कुणी दुकानात येत नाही, आणि त्यांच्या वाडीवस्तीवरच्या मोटारीही यायच्या बंद झाल्यात. ते होणारच होतं.

आता तुला बोलावणं येईल. तुला विचारतील, झोया म्हणते ते खरं का. तू नाही म्हणू शकतेस. बहीण गेल्यापासून झोयाचं डोकं फिरलंय म्हणू शकतेस, मामांचा वकील तुला तेच शिकवेल, आणि लोक विश्वास ठेवतील. तसं केलंस तर का केलंस ते मला कळेल. पण मी माझा जबाब मागे घेणार नाही, आणि आपण पुन्हा त्या खोलीत बसणार नाही. तू खरं बोललीस तर तुझ्या घरी तुला राहता येणार नाही, हेही मला माहीत आहे. तेव्हा आमच्याकडे ये म्हणायची हिंमत मला आज होत नाही, कारण अम्मीचं काय होईल सांगता येत नाही. हे सगळं तुला पोलिसांकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. आणि आणखी एक आहे, ते कोर्टासाठी नाही. अम्मीचा नंबर तोच आहे. दुपारी अब्बा आणि मी दुकानात असतो, ती घरी एकटी असते. कोर्टात काय बोलायचं ते तू ठरव, पण त्याच्या आधी अम्मीला एकदा फोन कर आणि सिमरन तुझ्या मागे नीट बसली होती, एवढं सांग. ती मध्येच फोन ठेवेल, नाहीतर तुला वाट्टेल ते बोलेल. तरी वाक्य पुरं कर.

तुझीच,
झोया