सगळ्यांच्या फॉर्मवर माझा नंबर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

चाळीस झेरॉक्स सरळ, एकेचाळिसावी वाकडी! प्रशिक्षणाच्या मॅडम आपल्या चाळीस घेऊन गेल्या, ही माझ्या गळ्यात. मागची बाजू कोरी म्हणून ठेवली, तर पुढच्या बाजूनं दुपारभर डोकं खाल्लं. ‘स्वतःला ओळखा — तीस प्रश्न. नाव, जात, काम न लिहिता उत्तरे द्या.’

पंधरा वर्षं झाली, देवरीच्या बसस्टँडजवळ बसून लोकांचे फॉर्म भरून राहिलो. दाखले, शिष्यवृत्ती, भरती, प्रवेश, म्हणाल ते. म्हटलं हाही भरून टाकू, पाच मिनिटांचं काम.

प्रश्न १ : तुम्ही कोण आहात?

नाव, जात अन् काम काढल्यावर माणसात उरते काय? अर्धा तास पेन हातात! शेवटी सवयीनं लिहिलं — ‘लागू नाही’.

दीप्तीनं वाचलं अन् हसून हसून खाली बसली. ‘नवरा तरी लिहा हो!’

५ ऑगस्ट

प्रश्न २ : तुम्हाला कशाचा राग येतो?

जागा पुरली नाही. फोटो न आणणारे. ‘भाऊ, अर्जंट आहे’ म्हणून शेवटच्या तारखेला पाच वाजता उगवणारे. चहा सांगितला की निघून जाणारा चहावाला. सर्व्हर. सर्व्हर. सर्व्हर.

असा कागद रोज मिळाला तर बरं होईल, पोट हलकं झालं.

७ ऑगस्ट

प्रश्न ४ : लोक तुम्हाला कशासाठी ओळखतात?

हे सोपं. मदतीसाठी! कोणाकडे मोबाईल नाही, कोणी दर चार महिन्यांनी सिम बदलते, कोणाला मेसेज वाचता येत नाही. म्हणून संपर्क क्रमांकाच्या रकान्यात मी सरळ माझाच नंबर टाकतो. अर्ध्या तालुक्याचे ओटीपी माझ्या खिशात! दिवसभर टुंग टुंग. जेवताना टुंग, विहारात वंदना सुरू असली तरी टुंग. दीप्ती मोबाईलला सवत म्हणते.

चिचगडहून आलेला म्हातारा कसा हात जोडून बोलतो — ‘रत्नपालभाऊ, तुमी नसते तं आमचं का झालं असतं?’ खरं आहे. ठासून लिहिलं — मदत करणारा माणूस. खाली दोन रेघा मारल्या.

१० ऑगस्ट, रविवार

प्रश्न ९ : कोणापासून काय लपवले आहे?

कागद ड्रॉवरमध्ये टाकला. कोणी काढले असतील असले रिकामटेकडे प्रश्न!

११ ऑगस्ट

आज सुलोचनाबाई आल्या, सातबारा काढायला. टिकारामची बायको. यांची पोरगी दामिनी. प्रिंट निघेपर्यंत स्टुलावर बसल्या अन् रडायलाच लागल्या.

‘भाऊ, दामिनी यंदा नर्सिंगचा फॉर्म भरतच नाही म्हणून राहिली. मागच्या साली नंबर नाही लागला ना, म्हणते मी ढ आहे, आता कायले तोंड दाखवू. पोरीयसंग धानाच्या रोवण्याले जाऊन राहिली. वीस तारीख शेवटची आहे. तुमी समजवा न भाऊ, तुमचं आयकते.’

मी सातबारा दोनदा प्रिंट केला. दोन्ही त्यांनाच दिले.

आता लिहूनच टाकतो. इथे कोण वाचते?

दामिनीचा नंबर लागला होता. चाळीस जागा, तिचा अकरावा नंबर. मागच्या वर्षी सत्तावीस ऑगस्टला मेसेज आला, तीस तारखेपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर राहा. माझ्या मोबाईलवर. शिष्यवृत्तीचे दिवस, रोज दीड-दोनशे मेसेज. मी पाहिला पाच सप्टेंबरला. जागा दुसऱ्या पोरीला गेली होती. सहा तारखेला दामिनी आली, दारातूनच विचारलं, ‘भाऊ, यादी लागली का?’ अन् माझ्या तोंडातून निघालं — ‘लागली बेटा, तुझं नाव नाही.’

विश्वासच तेवढा! पोरीनं यादी पाहायला मागितली नाही.

१२ ऑगस्ट

नाही सांगितलं.

१३ ऑगस्ट

जेवण गेलं नाही म्हणून दीप्तीला सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, इतक्या मेसेजात एखादा सुटतोच. भाजीची कढई खाली ठेवली तिनं अन् विचारलं, ‘दामिनीजवळ तं सोताचा मोबाईल होता. तुमचा नंबर काऊन टाकला?’

तीस प्रश्नांत हा प्रश्न नाही! असता तर कागद मी त्याच दिवशी फाडला असता.

सवय म्हणालो. घाई म्हणालो. ती ताट वाढून आत गेली. मी बसून विचार केला. बारावी झालेली पोरगी, माझ्यापेक्षा चांगला मोबाईल चालवते. ‘तुझा नंबर सांग’ म्हणायला किती वेळ लागतो? मला लोक दारात यायला पाहिजेत. ‘भाऊ, आला का मेसेज?’ विचारत उभे राहायला पाहिजेत. मी मान वर न करता ‘थांब, पाहतो’ म्हणालो की जी मजा येते, ती मला पाहिजे. मदत-बिदत नंतरचं. थू!

मदत करणाऱ्या माणसाखालच्या दोन्ही रेघा खोडल्या. शब्द नाही खोडले. अजून तेवढी हिंमत नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला दामिनीचा बाप भेटला. टिकारामनं हात हलवला. मी मोबाईल कानाला लावला. कोणाचाच फोन नव्हता.

१६ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं.

घरी जाऊन सांगणार होतो, पण यंदा रोवणा लांबला, घरी कोणी नाही. गाडी रस्त्यावर लावली अन् शेताच्या धुऱ्यावरून चालत गेलो. धानाच्या बांधीत दहा-बारा बाया ओणव्या, मध्ये दामिनी, गुडघाभर चिखलात. सुलोचनाबाई लावायच्या पऱ्ह्याच्या पेंड्या फेकत होत्या. मला पाहून खूश झाल्या — ‘आले व भाऊ समजवाले!’

धुऱ्यावर उभा राहून सगळं सांगितलं. तारखेसकट. एक बाई म्हणाली, आयकू येत नाही, जोरानं बोला. जोरानं बोललो.

सुलोचनाबाईंनी हातातली पेंडी मला मारली. ‘मुडद्या! वर्षभर माह्या पोरीले ढ म्हणवलं तू! तुह्या तोंडात माती पडो!’ पडलीच होती, मिशीपर्यंत चिखल. पुसला नाही.

दामिनी मान वर करत नव्हती. पऱ्हे लावतच होती, भराभर, वाकडेतिकडे. मग थांबली.

‘कितवा नंबर होता?’

‘अकरावा.’

‘किती जागांत?’

‘चाळीस.’

‘म्हंजे मी ढ नाही?’

मला रडू आलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, धुऱ्यावर, बारा बायांसमोर. ‘नाही बेटा. ढ मी.’

‘जा आता तुमी,’ म्हणाली. गेलो. माफ केलं नाही. करायलाही नको होतं.

१८ ऑगस्ट

बातमी माझ्या आधी देवरीत पोचली. सकाळपासून एकच — ‘भाऊ, माझा तं नाही न सुटला?’ शेजारच्या सलूनवाल्या केवळरामनं तर मोठ्यानं हाक मारली — ‘रत्नपाल, मले राष्ट्रपतीचा मेसेज आला होता का रे?’ हसा! हसून घ्या!

पण एक आहे. पाच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१९ ऑगस्ट

नवा नियम, पुठ्ठ्यावर लिहून टांगला — ‘स्वतःचा मोबाईल नंबर आणावा. नसल्यास घरच्यांचा.’ दोन माणसं चिडून परत गेली. जाऊ दे.

२० ऑगस्ट, बुधवार

शेवटची तारीख. सकाळपासून रस्त्याकडे डोळे. तीन वाजले, चार वाजले. म्हटलं संपलं, माझ्यापायी पोरीचं दुसरं वर्षही गेलं.

साडेचारला आली! हाताला रोवण्याचा चिखल तसाच, सुकलेला. ‘उठा खुर्चीवरून,’ म्हणाली. मी उठलो. पंधरा वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. फॉर्म स्वतः भरला, नंबर स्वतःचा टाकला. मी कागद स्कॅन करून देत होतो अन् ती ‘हा नाही, तो’ म्हणून वापस करत होती. चुकत होतो ना! तिच्याच मोबाईलवर अर्ज मिळाल्याचा मेसेज आला तेव्हा मी घाम पुसला. तिनं नाही.

जाताना दारात वळली. ‘बाकीच्यायचे पाहिले का?’

‘कोणाचे?’

‘मी एकलीच सुटली असन का भाऊ? सगळे मेसेज काढा. पहिल्यापासून. एक एक वाचा.’

म्हणाली अन् बस पकडायला पळाली. भाऊ म्हणाली पण!

२२ ऑगस्ट

वाचून राहिलो. नव्याकडून जुन्याकडे. एका पोराच्या शिष्यवृत्तीत त्रुटी निघाली होती, पंचवीसपर्यंत मुदत आहे. फोन लावला, पोरगा धावत आला, काम झालं. एका बाईचा दाखला चार महिन्यांपासून तयार पडला होता, घरी नेऊन दिला. तिनं शिव्याही दिल्या अन् चहाही दिला.

प्रश्न १ परत वाचला. ‘लागू नाही’ खोडलं. अजून काही लिहिलं नाही, पण जागा मोकळी केली.

२४ ऑगस्ट, रविवार

२०२२ पर्यंत पोचलो. चौदा नोव्हेंबरचा मेसेज, उघडलासुद्धा नव्हता. ‘दीप्ती रत्नपाल शहारे, अंगणवाडी मदतनीस पदासाठी कागदपत्र पडताळणीस हजर राहावे.’ फॉर्म मीच भरला होता. तिनं दोनदा विचारलं होतं, मी मान वर न करता म्हटलं होतं — आला असता तर दिसला नसता का?

दामिनीला सांगायला वर्ष लावलं. दीप्ती आत भात वेळून राहिली आहे. उठलो.