परसातल्या वाकड्या तलावाबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
तळमजला, जिन्याखालची खोली.

विषय : परसातील पोहण्याच्या तलावाच्या 'आकार' या रकान्यातील शब्द बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : आरोग्य विभागाचे पत्र, 'दात्याचे नाव, वय व रुग्णाशी नाते त्वरित कळवावे.'

महोदय,

१. सदर अर्जदार व्यवसायाने मुद्रितशोधक असून दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्याचे घर चालते. प्रस्तुत प्रकरणातली चूक मात्र खुद्द त्याची आहे. हे पहिल्याच वाक्यात लिहा, असे त्याच्या पत्नीने बजावले होते. ते दुसऱ्या वाक्यात आले आहे.

२. तलाव अर्जदाराच्या आईसाठी आहे. आईचे वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. तिला पोहायचे नाही. "एकदा पाण्यावर उताणं पडून आभाळ बघायचंय, बास," एवढेच तिचे म्हणणे. सार्वजनिक तलावावर उभी लोखंडी शिडी असल्याने ती दोनदा काठावरूनच परत आली. म्हणून परसात उताराचा तलाव करावा असे ठरले.

३. आकारावरून घरात जे झाले ते कार्यालयास कळणे आवश्यक आहे. पत्नीस गोल तलाव हवा होता, म्हणजे काठावर बसलेल्या सर्वांना एकमेकांची तोंडे दिसतील. शाळेच्या शर्यतीत पोहणारी मुलगी म्हणाली, "गोलात पोहायचं म्हणजे घाण्याचा बैल व्हायचं. मला लांब चौकोनीच पाहिजे." अर्जदार अंडाकृतीच्या बाजूने होता, पण त्याला कोणी विचारले नाही. आईची अट एकच : "ह्यांनी लावलेल्या लिंबाला हात लावाल तर याद राखा." मग सुतळी टाकून पाहिली. चौकोन लिंबाच्या मुळातून गेला, गोल सांडपाण्याच्या झाकणावर चढला. शेवटी सुतळी लिंबाला वळसा घालून जाईल तशी जाऊ दिली, तेव्हा कुठे सगळ्यांचे समाधान झाले. ठेकेदाराने कमरेवर हात ठेवून पाहिले आणि तो आनंदाने म्हणाला, "अहो, ही तर किडनी!" त्याच्या चित्रांच्या पुस्तकात तो आकार निघाला.

४. आपल्या छापील अर्जावर 'सर्व माहिती शुद्ध मराठीत भरावी' अशी सूचना आहे. ती आजवर कोणी पाळली नसावी. अर्जदाराने पाळली. 'आकार' या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले : मूत्रपिंडाकृती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन शब्द वाचून दाखवताच पाहुणी आलेली आत्या म्हणाली, "असल्या नावाच्या पाण्यात मी पाऊल घालायची नाही!" आणि बॅग भरू लागली.

५. खड्ड्याची परवानगी लगेच मिळाली, कारण खड्ड्याला आकार विचारत नाहीत. तलावाचे कागद मात्र आरोग्य विभागात गेले. तेथून संदर्भातील पत्र आले. घरात कोणी आजारी नाही असे अर्जदाराने कळवताच उलट विचारणा झाली, 'मग मूत्रपिंड कोणासाठी?' अर्जदाराने घाईघाईने दुरुस्ती दिली : 'काजूच्या आकाराचा.' त्यावर उद्यान विभागाचे गृहस्थ येऊन परस फिरून गेले व 'काजू आढळला नाही, लिंबू एक' असा शेरा मारून गेले. लिंबू मात्र खिशात घालून नेला. त्याबद्दल तक्रार नाही.

६. यापुढचे लिहिताना अर्जदारास हसावे की रडावे समजत नाही. काल आई घरात कोणास न सांगता, रिक्षाने, आरोग्य विभागात गेली. कोणाला मदतीला न बोलावता दोन जिने चढली. तेथील लेखनिकापुढे बसून म्हणाली, "बाळा, डावी घ्यायची की उजवी, तेवढं सांग. कागदावर सही मी करते. पण तलाव अडवू नका." लेखनिकाच्या हातातला चहा टेबलावर सांडला. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि खाली तिला रिक्षात बसवून देताना सांगितले, "आजी, मुलाला म्हणावं, साधा शब्द लिहा."

अर्जदाराने रात्री आईला विचारले, अगं, किडनी म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे ना? ती म्हणाली, "न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? दोन आहेत. एकीवर भागतं." अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ शब्द तपासले, त्या वाक्यात त्याला दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही.

७. सबब नम्र विनंती की, 'मूत्रपिंडाकृती' व 'काजूच्या आकाराचा' हे दोन्ही शब्द खोडून त्या जागी 'वाकडा' असे लिहावे. हा शब्द आईने सुचवला असून तो निर्दोष आहे. तातडीचे कारण असे, की आज सकाळपासून आई कोरड्या खड्ड्यात चटई टाकून, हात पसरून उताणी पडली आहे. विचारले तर म्हणते, सराव करतेय. आभाळ दिसते आहे, फक्त खाली पाणी नाही. तेवढ्याची परवानगी द्यावी.

आपला नम्र, व यापुढे सोपे शब्द वापरणारा,

(सही)
अर्जदार
दिनांक : आजचाच

सोबत :
१) सुतळीवरून काढलेला नकाशा.
२) उद्यान विभागाचा शेरा.
३) आईचे संमतिपत्र जोडलेले नाही. ते आरोग्य विभागात तिच्या सहीनिशी पडून आहे. कृपया परत द्यावे.