कंसातला तपास

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून कादंबरी. ऐतिहासिक, रहस्यमय, आणि मुख्य म्हणजे गुप्तहेर बाई आहे. तीही धाडसी.
परवा एक प्रकाशक आमच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांच्या घराचा जुना नकाशा शोधायला आले होते. तीन तास नकाशा सापडला नाही, त्यामुळे गप्पा झाल्या. म्हणाले, अशी कादंबरी सध्या कुणी लिहीतच नाही, लोक मात्र मागतात. मी म्हटलं, माझ्या डोक्यात एक आहे. नव्हती, पण म्हटल्याबरोबर आली. ते म्हणाले, ऑगस्टअखेर आणा, वाचून बघू. म्हणजे छापायचं पक्कं झालं.
नोकरीला सव्वीस वर्षं झाली. पुस्तक ठरलं की स्वेच्छानिवृत्ती. हेड क्लार्क म्हणून मरायचं नाही.

२ जून, संध्याकाळ
ताईला सांगितलं. ताई, माझी मोठी बहीण, पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. आता माझ्याकडे राहते. घर तिच्या नावावर आहे, ही गोष्ट वेगळी. कॉलेजच्या मुलांचे प्रबंध टाइप करून देते, त्यामुळे कादंबरीही तीच टाइप करणार. तिने एवढंच विचारलं की खून कुणी केला. मी म्हटलं, ते पात्रंच सांगतील. ती परत भाजी निवडायला लागली.

५ जून
नियम. एक, रोज पाच पानं. दोन, लिहिलेलं परत वाचायचं नाही, टाइप झालेलं तर मुळीच नाही. मोठे लेखक मागे वळून बघत नाहीत. तीन, चहा दोनदाच.

९ जून
एकूण पानं दीड. दोन्हीवर सूर्योदयच आहे. पण काय सूर्योदय आहे!
चहाचा नियम अव्यवहार्य होता. रद्द.

१८ जून
कथानक बसलं. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा. तो मला पाठ आहे. आमच्याकडे ऐंशी वर्षांचे कागद आहेत, उरलेली एकशेवीस अनुभवाने. किल्ल्यावरचा खजिनदार आतून कडी लावलेल्या खोलीत, तक्क्याला टेकून बसलेला, मेलेला. तपास करणार किल्लेदाराची मुलगी. नाव सुचत नाही, तोवर तिला 'धाडसी' म्हणायचं.

२६ जून
धाडसी खजिनदाराच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली. आत जायचं तर वडिलांची परवानगी हवी. वडील मोहिमेवर. ते परत येईपर्यंत तपास थांबला आहे. मधल्या काळात सूर्योदय घेतला.

४ जुलै, सकाळी ७
युक्ती सापडली. जिथे अडेल तिथे कंस करायचा आणि पुढे जायचं. (येथे तपास.) (येथे धाडसी प्रेत तपासते.) (येथे काहीतरी धाडसी करते.) (येथे उलटतपासणी, वाचकाच्या अंगावर काटा.) कंस नंतर निवांत भरायचे. आज एका बैठकीत अकरा पानं. इतर लेखक उगाच रडतात.

१५ जुलै
ताई पानं भराभर नेते आहे. आज विचारलं, कंसातलं सगळं कधीपर्यंत हवंय. म्हटलं, ऑगस्टअखेर. मला शिस्त लावणारं या घरात कुणीतरी आहे, हे बरं वाटलं.

२ ऑगस्ट
संशयित अकरा झाले. कोण कुणाचा भाचा, मलाच लागेना. चौघांना तापाने मारलं.
साहेबांनी विचारलं, प्रकाशकांचा नकाशा सापडला का. म्हटलं, शोध चालू आहे. साहेबांना साहित्यातलं काही कळत नाही. ऑफिसात कादंबरीबद्दल मी सगळ्यांना सांगितलंय, पण फक्त तेच काही बोलत नाहीत. जळत असावेत.

३० ऑगस्ट
शहाण्णव कंस. एकही भरलेला नाही. शेवटचा कंस (येथे खुनी सापडतो) असा आहे.
सकाळभर विचार केला आणि ठरवलं, असंच द्यायचं. आजच्या वाचकाला घास भरवायचा नसतो. ज्याला अक्कल आहे तो आपला खुनी आपण शोधेल.
ताईने टाइप केलेलं बाड फाइलीत घालून दिलं. मी लिहिलेली पानं एकशेचाळीस, हे तीनशेबारा. टाइप मोठा ठेवलेला दिसतो. नियमाप्रमाणे उघडून पाहिलं नाही.

३१ ऑगस्ट
दिली.

१९ सप्टेंबर, सकाळी ११.२०
प्रकाशकांचा ऑफिसात फोन. छापतोय म्हणाले! एका बैठकीत वाचली म्हणाले. आणि तपासाचे प्रसंग फार बारकाईने आलेत म्हणाले. मला गहिवरून आलं. दोन-दोन शब्दांचे कंस, आणि त्यातली बारकाई या माणसाने ओळखली. प्रयोग यशस्वी.

१९ सप्टेंबर, दुपारी ३
स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. साहेबांनी इतर अर्ज सहा-सहा महिने दाबून ठेवले आहेत, हा दहा मिनिटांत पुढे पाठवला. खोकत होते. आवाज भरून आला असावा.

२७ सप्टेंबर, दुपार
प्रकाशकांना भेटलो. त्यांनी थोडी काटछाट केली आहे. सतरा सूर्योदय काढले. वडिलांची परवानगी काढली, त्यामुळे वडीलही गेले. म्हणाले, ही पानं दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखी वाटतात. मी हसलो.
मग विचारायला लागले. धाडसी म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली राबते आणि बाळंतपणाच्या नावाखाली कुणाच्याही घरात घुसते, हे कसं सुचलं? मी मान हलवली. आणि ती प्रेत पालथं करते, पाठीवर रक्त साकळलेलं बघते आणि म्हणते, हा उताणा मेला, बऱ्याच तासांनी कुणीतरी याला उठवून बसवलं. हे तुम्हाला कसं ठाऊक? म्हटलं, अनुभव. त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.
हे मी लिहिलेलं नाही. निदान जागेपणी नाही. थोर लेखकांच्या बाबतीत असं होतं, ऐकून आहे.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ
नियम मोडला. प्रकाशकांकडून प्रत आणली होती, ती वाचली. जेवलो नाही. धाडसी भिंतीवरून उतरते, किल्ल्याच्या कारभाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणते, खजिनदाराच्या बायकोच्या शेजारी बसून नुसती गप्प राहते आणि तीच बाई सगळं बोलून जाते. मी तीनदा खुनी ओळखला. तिन्ही वेळा चुकलो.
एकही कंस शिल्लक नाही.

२८ सप्टेंबर
ताईला विचारलं. तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, तूच कंसात काम लिहून देत होतास ना? प्रबंधवाली मुलंही तसंच देतात. कंसात 'येथे निष्कर्ष' लिहितात, ती निष्कर्ष लिहून देते. तिघं त्यावर डॉक्टर झाले. तिला वाटलं, मीही त्यांच्यातलाच.
मग म्हणाली, मजा आली रे. पस्तीस वर्षं वॉर्डात काय काय दिसायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुम्हाला विचारलंय का. या वेळी कुणीतरी विचारलं. नाव तुझंच राहू दे, म्हणाली, मला काय करायचंय.

१ ऑक्टोबर
ठरलं. नाव माझंच राहू द्यायचं. कारणं: कल्पना माझी. खजिनदार माझा. ताईची हरकत नाही. शिवाय पेन माझं.

४ ऑक्टोबर
प्रकाशकांना दुसरा भाग हवा आहे. म्हटलं, डोक्यात आहे.

६ ऑक्टोबर, दुपार
दुसऱ्या भागासाठी सकाळी ताईला पाच कोरे कागद दिले, प्रत्येकावर एक कंस. दाराबाहेर थांबलो होतो. आत ती स्वतःचंच लिहिलेलं मोठ्याने वाचत होती आणि हसत होती. एवढं हसताना तिला मी कधी पाहिलं, आठवेना. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.
दहा वाजता प्रकाशकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ते जास्त लागलं.

१२ ऑक्टोबर
अर्ज मागे घेण्याबद्दल साहेबांना भेटलो. नियम असा की मुदतीआधी घेता येतो, पण साहेबांची शिफारस लागते. साहेब म्हणाले, साहित्याच्या वाटेत मी आडवा येणार नाही.

३१ ऑक्टोबर
ऑफिसचा शेवटचा दिवस. आठवड्याच्या आत बोलावतील. रेकॉर्ड रूममध्ये कुठला गठ्ठा कुठे आहे, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मुद्दामच कुठे लिहून ठेवलेलं नाही.

२५ नोव्हेंबर
बोलावलं नाही. गठ्ठ्यांना नंबर घातले, असं कळलं. दोन दिवसांत झालं म्हणे.

१४ मार्च, सकाळी १०
पुस्तक येऊन सहा आठवडे झाले. वर ताईचं नाव. दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रबंधवाल्या मुलांना परत पाठवायचं काम माझ्याकडे आहे.
आत्ता गॅलरीतून बघितलं तर साहेब येताहेत. हातात पिशवी, पिशवीत फाइलीसारखं काहीतरी. मला माहीत होतं! नंबर घालून रेकॉर्ड रूम चालत नसते. इस्त्रीचा शर्ट घातला. लगेच हो म्हणायचं नाही. दोन दिवस विचार करायला मागायचे.

१४ मार्च, सकाळी १०.४०
साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं. घरात तिघांनी वाचलं म्हणाले, आणि मिसेस सहीशिवाय घरात घेणार नाहीत. मग हळूच विचारलं, बाई आहेत का.
म्हटलं, लिहितायत. बसा, पाणी आणतो.