डीकांप कोणाला म्हणायचं

तेउतोनिया, दक्षिण ब्राझील
४ मार्च १९७९

ती. गेसीनाताईस,
राइनहोल्डचा सा. न. वि. वि.

तुमच्या भाचीच्या, हेडाच्या लग्नाची बातमी वाचून घरभर आनंद झाला. तो दुसऱ्या पानापर्यंतच टिकला. होणारा जावई लोथार पाव्लिक लग्नानंतर आपलं डीकांप आडनाव लावणार म्हणे. ताई, माझे पणजोबा तुमच्या अंगणातून निघून बोटीत बसले, तेव्हा या नावाखेरीज त्यांच्याजवळ होतं काय? आम्ही इथे जंगल तोडलं, नुसत्या रताळ्यांवर दिवस काढले, पण नावाला धक्का लागू दिला नाही.

मला तिन्ही मुली. माझ्यामागे इथलं नाव संपलं. तिथे तरी ते रक्ताच्या माणसाकडे राहील अशी आशा होती, ती तुम्ही मोडलीत. फार लागलंय मला. लग्नाला माझी वाट पाहू नका.

रागावलेला, तरी तुमचाच,
राइनहोल्ड

डीकांपांचं शेत, वेस्टफालिया
२७ मार्च १९७९

चि. राइनहोल्ड यास,
गेसीनाचे अनेक आशीर्वाद.

रागाला औषध नाही बाबा तुझ्या. मागे आलास तेव्हा आमच्या मोठ्या दाराखाली उभा राहून ऐटीत फोटो काढून घेतलास. वर तुळईवर काय कोरलंय ते वाचलं नाहीस वाटतं. 'योहान बेर्न्ड कोट्टे, आता डीकांप.' हे तुझ्या त्याच पणजोबांचे वडील. शेजारच्या गावचा गडी. इथल्या विधवा मालकिणीशी लग्न केलं आणि घराचं नाव लावून मोकळा झाला. आपल्याकडची रीतच तशी होती. नाव घराचं, आणि जो चुलीशी आला तो डीकांप, मग तो बाप्या का असेना.

तेव्हा बापाच्या रक्ताने मोजशील तर तू कोट्टे, मीही कोट्टे. जुन्या रीतीने मोजशील तर घर सोडणाऱ्याचं नाव दाराशीच राहायचं. तुझे पणजोबा ते घेऊन सटकले, कोणी हूं की चूं केलं नाही. आणि हेडा काय आभाळातून पडली? तिचा बाप, माझा भाऊ गेल्यापासून लोथार रोज पहाटे येऊन गायींची धार काढतो. तो डीकांप नाही तर कोण? मुकाट्याने ये. तुझ्यासाठी हॅम धुरावर टांगलंय.

माया आहे तशी असू दे.
गेसीना

तेउतोनिया
१५ एप्रिल १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो. तुळईची गोष्ट बायकोला वाचून दाखवली, ती चूकच झाली. तेव्हापासून ती 'कोट्टेसाहेब, पानं वाढलीत' अशी हाक मारते आणि मुली खिदळतात. एक दिवस फुगून बसलो, मग मीही हसलो.

हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट मनातून जाईना. लोथार त्याच्या वडिलांचा एकुलता एक, हे तुमच्या पहिल्या पत्रातच होतं. त्यांचं सिलेशियातलं गाव युद्धानंतर पोलंडकडे गेलं, सगळ्यांना घरं सोडावी लागली, तिथे आज एकही पाव्लिक नाही. आपलं नाव कोणाकडे जातंय यावरून आपण दोघं भांडलो, पण त्या म्हाताऱ्याच्या घरातून काय जातंय हे तुम्हीही लिहिलं नाहीत आणि मलाही सुचलं नाही.

तिकीट काढलंय. लग्नाच्या जेवणाला मला डीकांपांत बसवू नका. पाव्लिकबाबांच्या शेजारी बसवा. आपल्या नावाचा शेवटचा असणं काय असतं, ते मला कळतं.

लोभ आहेच, भेटीत वाढवू.
राइनहोल्ड