सावलीत वाळवायचा दोरा

बाबा, काल भिवंडीच्या बाजारात गळ-दोऱ्यांच्या दुकानात बराच वेळ उभी होते. भाऊ रिटायर झालाय, त्याला अंजूरच्या खाडीवर गळ टाकायची हौस आली आहे. "दोरा तूच निवड, तुला बाबांनी शिकवलंय," म्हणाला. वळ गावापाशी गोदामांच्या ट्रकांत रिक्षा तासभर अडकली, गुडघे भरून आले, तरी गेले. दुकानदार चाचा जाड दोरा पुढे करत होते. "मॅडम, ये लो, मजबूत है." मी पातळच मागितला. जाड दोऱ्याला खाडीच्या पाण्याची ओढ जास्त लागते, मासा बुजतो, असं तुम्ही म्हणायचात. दोरा बोटांतून फिरवला, गाठ मारली, थुंकीनं ओली करून ओढली. चाचा हसले. "किसने सिखाया?"

खाऱ्या पाण्यातून आलेला दोरा गोड्या पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, उन्हात नायलॉन मरतं, हेही तुम्हीच शिकवलंत. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या उन्हाळ्यात मी तुमचा नवा दोरा धुऊन अंगणातल्या काठीवर उन्हात टाकला आणि कॉन्व्हेंटमधून आणलेल्या पुस्तकांत पंधरा दिवस विसरले. मग गुपचूप नीट गुंडाळून ठेवला. पाहुण्यांसाठी तुम्ही जिताडा धरायला गेलात. लागला, आणि दोरा तोडून गेला. पडवीत आत्या हसते आहे, "गावाला गाठी मारून देतोस, नि सोताचीच सुटली? आता पाव्हन्यांना सुकट घाल!" तुम्ही हातातलं टोक बघता, मग माझ्याकडे बघता. "म्हातारा झालो गो, हाताला जोर न्हाय." त्यानंतर गावातलं कुणी तुमच्याकडे दोऱ्याला गाठ मारून घ्यायला आलं नाही.

काल चाचांनी एक गाठ मुद्दाम सोडवून दाखवली. "गाठ सुटली की टोक असं वळतं, मॅडम. सीधा दिखा तो समझो, दोराच टूटा." तुमच्या हातातलं टोक सरळ होतं, बाबा. मला अजून दिसतं. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.

हे भावाला वाचून दाखवायचं म्हणून सकाळी लिहायला घेतलं. दुपारी त्याच्याकडे गेले तेव्हा इथवर लिहिलेला कागद पर्समध्ये होता. तो नवा दोरा ओढून बघत होता. "तुझ्या पाहुण्यांच्या वेळी बाबांची गाठ सुटली होती ना गं?"

"हो," म्हणाले मी. आणि निघताना त्याला एवढंच सांगितलं, दोरा सावलीत वाळव.