‘मामा’च्या रकान्यात मैत्रिणीची सही

दि. ०६/१०/२०२५

प्रति,
मा. विवाह अधिकारी,
विशेष विवाह शाखा
(फलकावरची निम्मी अक्षरे गळाल्याने कार्यालयाचे पूर्ण नाव लिहिता आले नाही.)

अर्जदार : श्रीमती रत्ना अभिमन महाजन, वय ४६, व्यवसाय शिवणकाम, रा. धरणगाव

विषय : संघमित्रा भालेराव व ललित मोतीलाल पाटील यांच्या नोंदणी विवाहात साक्षीदार म्हणून माझी सही घेणेबाबत.

संदर्भ : १) विवाहाची नोटीस दि. १०/०७/२०२५
२) आपल्या लिपिकाने तोंडी दिलेली व लेखी द्यायला नाकारलेली दोन उत्तरे

महोदय,

१. वरील दोघांची नोटीस आपल्या बोर्डावर तीस दिवस लटकली. हरकत कोणाचीच आली नाही. नोटिशीची तीन महिन्यांची मुदत येत्या शुक्रवारी, दि. १० रोजी संपते. त्यानंतर सगळे पहिल्यापासून. ललितचे वडील मोतीलाल आबा ८१ वर्षांचे आहेत. या लग्नाला हो म्हणायला त्यांनी चार वर्षे घेतली. सोनगीरहून ते दोनदा आपल्या बाकावर येऊन बसले आणि दोनदा तसेच परत गेले. पुन्हा नोटीस, महिना, बाक हे त्यांच्याच्याने होणार नाही.

२. अडचण अशी की आपल्या फॉर्मवर साक्षीदारांच्या तीन जागांपुढे ‘वडील’, ‘मामा’ व ‘प्रतिष्ठित व्यक्ती’ असे लिहिलेले आहे. कायद्याच्या कलम ११ मध्ये फक्त तीन साक्षीदार आहेत, मामा नाही. चौकशी करता कळले की पूर्वीच्या एका लिपिकाने कोणा एका लग्नापुरते हे शब्द पेन्सिलने टिपले होते. नेमक्या त्याच कागदाची झेरॉक्स निघाली, मग झेरॉक्सची झेरॉक्स, आणि आता तोच शासनाचा नमुना झाला आहे. त्याच कागदावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डागही प्रत्येक फॉर्मवर डाव्या कोपऱ्यात इमानाने उमटतो. आपण स्वतः फॉर्म हातात घेऊन, ‘छापलंय म्हणजे नियम असेलच,’ असे म्हणालात. इतक्या शिकलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला आपली कीव आली.

३. वडिलांच्या जागी आबा आहेत. प्रतिष्ठित म्हणून बस डेपोतले रविंद्र साहेब चालले, कारण त्यांनी सफारी घातली होती. संघमित्राचे मामा या लग्नापायी तिचे नावसुद्धा काढत नाहीत. त्यावर आपल्या लिपिकाने बाहेरच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवले. तिथे उखर्डू नावाचे गृहस्थ बसतात. एक चहा आणि भजी यांवर ते कोणत्याही नवरीचे मामा होतात. ‘मी बठ्ठास्ना मामा शे,’ म्हणजे सगळ्यांचाच मामा, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. या वर्षी त्यांनी किती भाच्या उजवल्या हे आपल्या रजिस्टरमध्ये पाहावे. आपण त्यांना नमस्कार करताना मी पाहिले आहे. म्हणजे खोटा मामा कार्यालयाला चालतो, खरी मैत्रीण चालत नाही.

४. माझ्याकडे मैत्रीचा पुरावाही मागण्यात आला. तो जोडला आहे. सहा वर्षांपूर्वी संघमित्राच्या पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा सही करायला कोणी आले नाही. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘मैत्रीण’ लिहिले. डॉक्टरांनी ते वाचले आणि तिला आत नेले. माझ्या सहीवर तिचे पोट फाडता आले, आणि त्याच सहीवर तिचे लग्न लावायला आपला हात धजत नाही. त्या दिवशी चार तास मी बाहेर काय सोसले ते आपल्या कोणत्याच रकान्यात मावणार नाही, म्हणून लिहीत नाही.

५. संघमित्राने उखर्डूंना नकार दिला आहे. ती म्हणते, रत्ना नसेल तर लग्नही नको. हे हट्टाने नाही, शांतपणे म्हणते, आणि मला त्याचीच भीती वाटते.

सबब विनंती की शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझी सही घ्यावी. ‘मामा’च्या रकान्यात बाई बसत नसेल तर मी त्या चहाच्या डागात सही करीन. जागा पुरेशी आहे, आणि त्या कागदावर आपल्या कार्यालयाने स्वतः केलेले तेवढेच काम आहे.

नम्रतेचा साठा मागील दोन खेपांत संपलेली,

(सही)
रत्ना अभिमन महाजन
वधूशी नाते : मैत्रीण

सोबत :
१) रुग्णालयातील संमतिपत्राची प्रत
२) कलम ११ ची प्रत, मोठ्या अक्षरात
३) कोरा फॉर्म, डागासह